दोन कोटेशनं आणली, तिसरं राहिलं

प्रश्न : मी खानापूरला राहते आणि बेळगावात टिळकवाडीतल्या एका हायस्कूलमध्ये शिकवते. बायकांना मोफत बसप्रवासाची शक्ती योजना सुरू झाल्यापासून सकाळच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, म्हणून घरची २०१२ सालची डिझेल गाडी मीच चालवत नेते. रोज जाऊन-येऊन ५२ किलोमीटर. गाडी आता थकली आहे. यजमानांच्या मनात हायब्रिड आहे. 'पेट्रोल निम्मं लागतं, सरकारची सवलतही आहे, पैसे वसूल होतात,' असं ते म्हणतात. एकाच गाडीची दोन कोटेशनं आणली आहेत. साधी पेट्रोल १७ लाख २० हजार, हायब्रिड २० लाख ५५ हजार, दोन्ही ऑन रोड. सात वर्षांचं कर्ज काढणार आहोत, व्याज ९ टक्के. माझा कोल्हापूरचा भाऊ म्हणतो, गाडी माझ्या नावावर घे, एमएच-०९ पासिंग करू, लाखभर वाचतील. वर्षातून तीन-चार वेळा पुण्याला लेकीकडे जाणं होतं. इलेक्ट्रिक नको असं घरात ठरलं आहे. आम्हाला परवडणार नाही असं नाही, पण पैसे पाण्यात घालायची तयारी नाही. हायब्रिड घ्यावी का? अलीकडे डावा गुडघाही धरतो, दुसऱ्या रेल्वे गेटच्या रांगेत क्लच दाबून दाबून. – एक शिक्षिका, खानापूर

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे. ती गुडघ्याची. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. शोरूममध्ये तुम्ही गुडघ्याचं बोलला नसाल, नाहीतर त्यांनी दोनच्या जागी तीन कोटेशनं हातात दिली असती. त्या तिसऱ्या कोटेशनाकडे मी येतोच, आधी तुम्ही विचारलेला हिशोब करू.

मी बरीच वर्षं बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर काढली. 'मायलेज किती' असं प्रत्येकजण विचारायचा, 'माझं रनिंग किती' हे क्वचितच कुणी कागदावर मांडून आणायचं. तुमचं मांडू. शाळेचे दिवस वर्षाला साधारण २२० धरले तर ५२ किलोमीटरनं साडेअकरा हजारांच्या आत राहता. एप्रिल-मे आणि दसऱ्याच्या सुट्टीत गाडी अंगणातच. पुण्याच्या फेऱ्यांचे अडीच हजार घातले की वर्षाला सुमारे १४ हजार किलोमीटर. पुढचं सगळं या आकड्यावर अवलंबून आहे, तेव्हा जुन्या गाडीचं मीटर पाहून तो एकदा ताडून घ्या.

आता 'हायब्रिड' या शब्दाचा घोळ. हल्ली साध्या पेट्रोल गाडीच्या पाठीवरही 'स्मार्ट हायब्रिड' असं लिहिलेलं असतं. त्या गाडीतली बॅटरी इंजिनला चालू-बंद करायला आणि वेग घेताना थोडा टेकू द्यायला असते, नुसत्या विजेवर ती चाकं फिरवत नाही. तुमच्या यजमानांना जी हवी आहे ती 'स्ट्राँग हायब्रिड'. तिच्यात वेगळी मोटर असते, आणि सिग्नलला, गर्दीत, हळू चालताना इंजिन बंद ठेवून ती गाडी ओढते. प्लग लावावा लागत नाही. ब्रेक मारताना आणि उतारावर जी ताकद एरवी ब्रेकच्या उष्णतेत वाया जाते, ती बॅटरीत परत भरली जाते. या मापाच्या गाडीतली बॅटरी फार लहान असते, पाऊण युनिट विजेची. तेवढ्यावर गाडी फार तर एक-दोन किलोमीटर जाईल. फायदा मोठ्या साठ्याचा नसून सतत भरण्या-उपसण्याचा आहे.

म्हणूनच रस्ता कोणता, हे फार महत्त्वाचं. खानापूरहून निघाल्यावर गणेबैलचा टोलनाका ओलांडून पिरनवाडीपर्यंत तुम्ही ऐंशीच्या एका लयीत येता. त्या पट्ट्यात ब्रेक लागत नाही म्हणजे परत भरायला काही नाही, आणि गाडी बहुतांश इंजिनच ओढतं. हायब्रिडची खरी करामत उद्यमबागेपासून पुढे, काँग्रेस रोडवर, शेवटच्या काही किलोमीटरांत. रोज दिवसभर बेळगावातच खडेबाजार ते शहापूर अशा खेपा घालणाऱ्या माणसाला ती जेवढं वाचवून देईल, तेवढं तुम्हाला नाही. 'पेट्रोल निम्मं' हे यजमानांचं म्हणणं त्या माणसाच्याही बाबतीत थोडं जास्तच आहे.

मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या जुळ्या गाड्या २०२२ मध्ये आल्या तेव्हा त्यांच्या स्ट्राँग हायब्रिडसाठी लिटरला २७.९७ किलोमीटर असा दावा होता, आणि साध्या मॅन्युअलसाठी २१.११. हे प्रयोगशाळेतले आकडे. माझ्या ओळखीतले दोघं अशीच गाडी घेऊन बेळगाव-धारवाड ये-जा करतात. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल असा त्यांचा हिशोब २२ च्या आसपास येतो. साध्या मॅन्युअलला तुमच्या रस्त्यावर १६ धरू. आपल्या जिल्ह्यातल्याच साखर कारखान्यांतून निघणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्के असतं, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे कुठल्याच गाडीला कागदावरचा आकडा मिळत नाही. पेट्रोल लिटरला १०३ रुपये धरतो.

१४ हजार किलोमीटरला मॅन्युअल ८७५ लिटर पिईल, हायब्रिड ६३६. फरक २३९ लिटरचा, म्हणजे वर्षाला साडेचोवीस हजार रुपये. दोन गाड्यांच्या किमतीतला फरक ३ लाख ३५ हजार. रोख मोजले तरी वसूल व्हायला साडेतेरा वर्षं. तुम्ही तर कर्ज काढणार. ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी लाखाला १,६०९ रुपये हप्ता बसतो, म्हणजे या जादा रकमेचाच हप्ता महिन्याला ५,३९०. त्यापुढे पेट्रोलमधली बचत महिन्याला जेमतेम २,०५०. दर महिन्याला ३,३०० रुपये खिशातून जातील, आणि तुम्हाला वाटत राहील की आपण बचत करतोय.

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून इतकं पोटतिडकीनं सांगतो. २०१२ च्या उन्हाळ्यात पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरला तीस रुपयांहून जास्त फरक होता. जो तो डिझेल गाडी घेत होता, मीही सव्वा लाख जादा मोजून घेतली. माझं रनिंग वर्षाला सात हजारसुद्धा नव्हतं. दिवसभर इतरांच्या कर्जाच्या फायली तपासणाऱ्या मला ते दिसलं नाही, कारण पंपावर पाटी बघितली की डोळ्यांना स्वस्ताई दिसायची. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारनं डिझेलचे दर मोकळे केले, फरक आक्रसत गेला आणि माझा सव्वा लाख काही परत आला नाही. ते पैसे घरच्यांच्या साठवणीतले होते, हे मला अजून लागतं. तुमची जुनी गाडीही त्याच वर्षाची आहे हे वाचून मी क्षणभर थांबलो.

म्हणजे हायब्रिड नको? नाही ताई, आता गुडघ्याकडे येऊ.

शोरूमनं दिलेली दोन कोटेशनं एकाच गाडीची असली तरी तुलना बरोबरीची नाही. स्वस्त गाडी क्लचची आहे, महाग गाडी बिनक्लचची. स्ट्राँग हायब्रिड ऑटोमॅटिकच असते, तिच्यात डाव्या पायाला कामच नाही. तेव्हा त्या ३ लाख ३५ हजारांतला मोठा हिस्सा हायब्रिडचा नसून क्लच घालवण्याचा आहे. मी इथल्या एका शोरूममधून त्याच गाडीच्या साध्या पेट्रोल ऑटोमॅटिकचं कोटेशन मागवलं. ते १८ लाख ९५ हजार आलं. म्हणजे मॅन्युअलवरून ऑटोमॅटिकवर जायला पावणेदोन लाख, आणि तिथून हायब्रिडवर जायला १ लाख ६० हजार.

हा दुसरा टप्पा नीट पाहा. साधी ऑटोमॅटिक मॅन्युअलपेक्षा थोडं जास्त पेट्रोल खाते, तुमच्या रस्त्यावर तिला १४.५ धरतो. वर्षाला ९६६ लिटर. हायब्रिडचे ६३६ वजा केले तर ३३० लिटर, म्हणजे सुमारे ३४ हजार रुपये. १ लाख ६० हजार पावणेपाच वर्षांत वसूल. कर्ज धरलं तर जादा हप्ता २,५७४ रुपये आणि पेट्रोलची बचत महिन्याला २,८००. पहिल्या महिन्यापासून पारडं किंचित तुमच्या बाजूला.

गाडी तीच, रनिंग तेच, पेट्रोलचा भाव तोच. मॅन्युअलशेजारी उभी केली तर हायब्रिड तोट्यात, ऑटोमॅटिकशेजारी उभी केली तर फायद्यात. त्यामुळे घरात आधी क्लच हवा की नको, एवढंच ठरवा. आणि हे यजमानांनी ठरवायचं नाही. रोज गाडी तुम्ही चालवता, गुडघा तुमचा आहे. डॉक्टरांना एकदा दाखवा. त्यांनी क्लच टाळा म्हटलं, तर मॅन्युअलचं कोटेशन फाडून टाका. ते पावणेदोन लाख पेट्रोलमधून वसूल होणार नाहीत, तुमच्या पायासाठी ते द्यायचे, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पण डॉक्टर म्हणाले की व्यायामानं बरं होईल, आणि तुम्हालाही गिअर टाकायला आवडत असेल, तर मॅन्युअल घ्या आणि वाचलेल्या पैशात कर्ज सातऐवजी पाच वर्षांत फेडा.

सरकारी सवलतीचं यजमानांच्या डोक्यातून काढा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. चार मीटरपेक्षा लांब गाडीला, मग ती साधी पेट्रोल असो की हायब्रिड, ४० टक्केच लागतो. आधी हायब्रिडला ४३ आणि या मापाच्या पेट्रोल गाडीला ४५ होता, तेवढी दोन टक्क्यांची जी मेहेरबानी होती तीही गेली. उत्तर प्रदेशनं जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला, ती बातमी बहुधा त्यांच्या कानावर आली असेल. तुमच्या कोटेशनात कर्नाटकाचा आजीवन कर पुरता लावलेला आहे.

हा कर खरोखरच जड आहे. दहा ते वीस लाखांच्या गाडीला आपल्याकडे १७ टक्के, त्यावर अधिभार धरून १८ च्या पलीकडे. महाराष्ट्रात याच किमतीच्या पेट्रोल गाडीला १२. तुमच्या भावानं सांगितलेला लाखाचा आकडा खोटा नाही, तुमच्या हायब्रिडवर तो १ लाख १५ हजारांच्या घरात जातो. आपल्या भागात हा सल्ला घरोघरी दिला जातो, आणि एमएचची पाटी पाहून मनाला बरं वाटतं, ते मलाही वाटतं. तरीही करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४० प्रमाणे मालकाचं राहणं किंवा व्यवसाय जिथे आहे आणि गाडी एरवी जिथे ठेवली जाते, त्या राज्यातल्या कार्यालयात नोंदणी करायची असते. कलम ४७ प्रमाणे परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथे पुन्हा नोंदवावी लागते, कर भरून. तुमची गाडी रोज ठरावीक वेळी गणेबैलचा नाका ओलांडणार, फास्टॅगवर तारीख-वेळेसह नोंद होणार. 'पाहुण्यांकडे आलीय' असं किती दिवस सांगाल?

याहून मोठी काळजी मला वेगळीच आहे. आरसी, म्हणजे नोंदणीपत्र, भावाच्या नावावर म्हणजे विमा त्याच्या नावावर. अपघात झाला तर दाव्याचा अर्ज त्याचा, चेक त्याच्या खात्यावर. गाडीनं कुणाला इजा झाली तर मालक म्हणून कोर्टाची नोटीसही त्याच्याच दारी. बँक तुम्हाला कर्ज देणार तर गाडी तुमच्याच नावावर मागणार, नाहीतर कर्जही भावाच्या डोक्यावर. दहा लाखांवरच्या गाडीला बिलावर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं आगाऊ घेतलेला आयकर, लागतो, तो आयकर विवरणपत्र भरताना तुम्हाला परत मागता येतो, पण गाडी तुमच्या पॅनवर असेल तरच. माझ्या टेबलावर अशा दोन-तीन प्रकरणांत सख्खी भावंडं एकमेकांशी बोलेनाशी झालेली मी पाहिली आहेत. माहेर एवढ्यासाठी पणाला लावू नका.

टोल तिन्ही गाड्यांना सारखाच, त्यामुळे तो तुलनेत घेतला नाही. पण नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना खासगी गाडीसाठी मासिक स्थानिक पास मिळतो. काढला नसेल तर या महिन्यातच काढा.

हायब्रिड घ्यायची ठरलीच तर काही गोष्टी आधी माहीत असू द्या. बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं जे आधी येईल तोवर वॉरंटी असते. तुमच्या रनिंगनं आठ वर्षांत १ लाख १२ हजार होतील, म्हणजे वर्षं आधी संपतील. आठव्या वर्षानंतरचा खर्च तुमचा, म्हणून ही गाडी बारा-पंधरा वर्षं ओढायचा विचार असेल तर थोडी रक्कम बाजूला ठेवत जा. बॅटरी मागे बसवल्यामुळे डिकी बरीच लहान होते. पुण्याला लेकीकडे जाताना तांदळाचं पोतं, पापड-कुरडयांचे डबे नेत असाल, तर तेच डबे शोरूममध्ये नेऊन ठेवून बघा, संकोच करू नका. आणि नारिंगी वेष्टणाच्या वायरी म्हणजे जबर व्होल्टेज. तुमचा नेहमीचा गॅरेजवाला कितीही कसबी असला तरी त्याला तिथे हात घालू देऊ नका, ते काम कंपनीच्या वर्कशॉपलाच. मे महिन्यात गाडी सलग उभी राहते, तेव्हा आठवड्यातून एकदा अर्धा तास 'रेडी', म्हणजे चालू, करून ठेवा, नाहीतर लहान बारा व्होल्टची बॅटरी उतरते आणि गाडी जागची हलत नाही. जमेची बाजू म्हणजे ब्रेक पॅड फार दिवस टिकतात, आणि क्लच प्लेटचा खर्चच नाही.

सीएनजीचा विषय तुम्ही काढला नाही ते बरंच. या मापाच्या बहुतेक गाड्यांत सीएनजी क्लचवरच मिळते, आणि बऱ्याच गाड्यांत सिलिंडर डिकी खातो.

इलेक्ट्रिक नको असं ठरलंय म्हणता, म्हणून त्यात शिरत नाही. फक्त एक आकडा यजमानांच्या कानावर घाला. रोजचे ठरलेले ५२ किलोमीटर आणि गाडी लावायला घरचं अंगण ही तिच्यासाठी आदर्श परिस्थिती आहे. हेस्कॉमचं विजेचं युनिट सात रुपये धरलं आणि युनिटला सात किलोमीटर मिळाले, तर किलोमीटरला एक रुपया पडतो. हायब्रिडला तोच पावणेपाच रुपये. पावसाळ्यात खानापूर भागात वीज किती वेळ जाते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, म्हणून आग्रह करत नाही.

आग्रह एकाच गोष्टीचा करतो. घरात तुम्ही दोघंच आहात. एवढी लांब गाडी कशासाठी, हे एकदा एकमेकांना विचारा. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला जीएसटी १८ टक्के आहे, ४० नाही. तिच्यात एएमटी, म्हणजे गिअर आपोआप बदलणारा, गिअरबॉक्स मिळतो, म्हणजे पायाखाली क्लच नाही. अशी चांगली गाडी दहा लाखांच्या आसपास ऑन रोड येते. एएमटी गर्दीत थोडी आचके देते, चढावर जराशी अडखळते, पुण्याच्या प्रवासात मोठ्या गाडीइतकी निवांत वाटणार नाही. पण तुमच्या कोटेशनांपेक्षा ती सात ते दहा लाखांनी स्वस्त आहे, आणि एवढी बचत कुठलाही हायब्रिड जन्मभरात करून देणार नाही. मला विचाराल तर पहिली ही चालवून बघा. मन भरलं नाही आणि मोठीच गाडी हवी झाली, तर गुडघ्यासाठी ऑटोमॅटिक, आणि ऑटोमॅटिकमध्ये हायब्रिड. शोरूमनं दाखवलेली मॅन्युअल तुमच्यासाठी शेवटचा पर्याय.

टेस्ट ड्राइव्ह रविवारी दुपारी मोकळ्या हायवेवर देतात, तिथे सगळ्याच गाड्या छान वाटतात. तुम्ही सुट्टी टाकून कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊची वेळ मागा. उद्यमबागेकडून काँग्रेस रोडनं या, दुसऱ्या गेटला फाटक पडलेलं असताना रांगेत उभ्या राहा, आणि छोटी एएमटी व हायब्रिड या दोन्ही गाड्या एकाच सकाळी चालवा. गाडी तुम्ही चालवा, यजमानांना शेजारी बसवा. संध्याकाळी घरी गेल्यावर गुडघा कसा आहे तेवढं मला कळवा.